प्रायव्हेट जेटमधली ड्रिंक सर्व्हिस: खरं काम विमान उडायच्या आधीच होतं



कॉफीच्या कपाला झाकण नव्हतं म्हणून विमान वळवावं लागलं, असं सांगितलं तर पटेल? फेब्रुवारी २०१९ मध्ये फ्रँकफर्टहून मेक्सिकोतल्या कॅनकूनला निघालेल्या विमानात हे झालं. कॉकपिटमध्ये कॉफी सांडली, रेडिओच्या कंट्रोल पॅनलमध्ये गेली, पॅनल तापून धूर आला आणि विमान आयर्लंडमधल्या शॅननला उतरवलं.

ते मोठं प्रवासी विमान होतं. प्रायव्हेट जेटमध्ये तर केबिन सांभाळायला बऱ्याचदा एकच अटेंडंट. पायलटची कॉफी त्याच हातात, पाहुण्यांचं ड्रिंकही त्याच हातात. या नोकरीकडे बघणाऱ्या मुलामुलींना वाटतं, स्टाइलमध्ये वाइन ओतता आली की झालं. तसं नाही. चार गोष्टी नीट समजून घ्या.

१. वर चव बदलते
जेट ४० हजार फुटांवर असलं तरी केबिनमधला दाब साधारण ६ ते ८ हजार फुटांवरच्या डोंगरासारखा असतो. हवा कोरडी, नाक सुकतं. मीठ आणि साखर कमी जाणवते. टोमॅटो ज्यूस मात्र वर जास्त छान लागतो, हे जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने तपासून पाहिलंय. म्हणून पाहुणा "फिकं लागतंय" म्हणाला तर वाद घालू नका. आणि प्रत्येक ड्रिंकसोबत न मागता पाणी द्या.

२. चहा वर उकळत नाही, खाली उकळतो
८ हजार फुटांच्या दाबाला पाणी साधारण ९२ अंशांनाच उकळतं. त्यामुळे टी बॅग जास्त वेळ ठेवावी लागते. आपला मसाला चहा तर विसराच, कारण गॅलीत गॅसची शेगडी नसते. आलं-वेलची घालून चहा खालीच नीट उकळा, चांगल्या थर्मासमध्ये भरून न्या.

३. बाटली फिरवा, कॉर्क नाही
शॅम्पेनच्या बाटलीत ५-६ पट दाब असतो. वर बाहेरचा दाब कमी, म्हणजे कॉर्क आणखी जोरात सुटायला बघतो. बाटली आधी गार करा, हलवू नका. तार सोडल्यापासून अंगठा कॉर्कवरच हवा. वर नॅपकिन धरा, बाटली तिरकी ठेवा, कॉर्क घट्ट पकडून बाटली हळूहळू फिरवा. "फट्ट" आवाज आला नाही तर तुम्ही पास! ग्लास अर्धाच भरा. गरम काही देताना पाहुण्याच्या अंगावरून हात नेऊ नका. पायलटचा कप झाकण लावूनच द्या, आणि मधल्या पॅनलवरून कधीच नाही.

४. वर किराणा दुकान नाही
बर्फ संपला, लिंबू राहिलं, ठरलेलं सोडावॉटर आलं नाही, तर वर काहीच करता येत नाही. म्हणून कॅटररकडून आलेला प्रत्येक डबा यादी हातात घेऊन स्वतः मोजा. उड्डाण लांबेल हे धरून बर्फ जास्त घ्या. पाहुण्याची आवड आधी विचारून लिहा: साखर किती, बर्फ हवा की नको, कशाची ॲलर्जी. परतल्यावर त्यात भर घाला. पण ती वही तुमच्याकडेच. कोण काय प्यायलं हे इन्स्टावर तर नाहीच, घरीसुद्धा नाही. एकदा बाहेर गेलं की नोकरी गेली समजा.

अजून एक. भारतात क्रूला उड्डाणाच्या आधीचे १२ तास दारू चालत नाही. म्हणजे जी वाइन तुम्ही देणार, ती ड्युटीवर चाखून बघता येणार नाही. तिची माहिती सुट्टीच्या दिवशी, जमिनीवरच मिळवायची.

कोर्सची फी भरण्याआधी हे चार मुद्दे तिथे विचारा. फक्त ग्लास धरायला शिकवत असतील तर पैसे जपून ठेवा.

आणि दुकानदार मित्रांनो, हे आपल्यालाही लागू आहे. गिऱ्हाईक दारात आल्यावर माल शोधायला लागलात तर उशीर झालेला असतो. आवडीची वही आजच सुरू करा. पहिल्या पानावर तुमच्या पाच नेहमीच्या गिऱ्हाइकांची नावं लिहा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!