ब्रॉयलर कोंबड्यांच्या पिण्याच्या पाण्यात वनस्पतींच्या अर्काचा उपयोग

मांसासाठी वाढविल्या जाणाऱ्या ब्रॉयलर कोंबडीचे आयुष्य अवघे पाच ते सहा आठवड्यांचे असते. सुमारे ४० ग्रॅम वजनाचे पिल्लू तेवढ्या अवधीत दोन किलोच्या आसपास भरते. इतक्या झपाट्याने वाढणाऱ्या पक्ष्याला चार दिवस जरी हगवण लागली, तरी ते नुकसान भरून काढण्यास पुढे वेळच उरत नाही. ह्या भीतीपोटी अनेक ठिकाणी पिल्ले आल्या दिवसापासून पाण्यातून अथवा खाद्यातून प्रतिजैविक औषधे देण्याचा प्रघात पडला. परंतु अशा सरसकट वापरामुळे त्या औषधांना दाद न देणारे जंतू निर्माण होतात आणि मग माणसाच्या आजारातही तीच औषधे निकामी ठरतात. म्हणूनच युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून केवळ वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके मिसळण्यास मनाई केली. भारत सरकारनेही २०१९ साली कोलिस्टिन ह्या औषधाचा अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत व कोंबड्यांत वापर करण्यास बंदी घातली.

साहजिकच तुळस, लसूण, ओवा, आवळा, कडुनिंब अशा परिचित वनस्पतींकडे कुक्कुटपालकांचे लक्ष वळले आहे. ह्या वनस्पती उपयुक्त आहेत यात शंका नाही. मात्र त्यांचा अर्क पाण्यातून द्यावयाचा असल्याने त्याचा लाभ मुख्यतः पाण्यावरच अवलंबून राहतो, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे.

पाणी प्रथम, अर्क नंतर

ब्रॉयलर पक्षी जितके खाद्य खातो त्याच्या वजनाने जवळजवळ दुप्पट पाणी पितो. उन्हाळ्यात हे प्रमाण बरेच वाढते, कारण कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते व श्वासावाटे पाण्याची वाफ बाहेर टाकून शरीर थंड ठेवते. जो पक्षी पाणी कमी पितो तो खाद्यही कमी खातो व वजनात मागे पडतो. म्हणून पाण्याची चव बिघडविणारा कोणताही पदार्थ, मग तो कितीही औषधी असो, पिल्लांना अपायच करतो. कडुनिंबाच्या पाल्याचा दाट काढा देऊन पिल्ले खुरटल्याची तक्रार येते, तिचे कारण पुष्कळदा त्याच्या कडूपणात असते.

अर्क देण्यापूर्वी विहिरीचे अथवा कूपनलिकेचे पाणी तपासून घ्यावे. एक हजार लिटर पाण्यात सुमारे १० ग्रॅम चांगली विरंजक पूड मिसळल्यास दहा लक्ष भागांत तीन भाग एवढा क्लोरीन मिळतो. पूड आधी थोड्या पाण्यात कालवून वरची निवळी टाकीत ओतावी व किमान अर्धा तास थांबून पाणी वापरावे. दूषित पाण्यात तुळशीचा अर्क घातल्याने ते पाणी शुद्ध होत नाही.

कोणती वनस्पती कशासाठी?

लसणाचा गुण ॲलिसिन ह्या द्रव्यात आहे. हे द्रव्य अखंड पाकळीत नसते. पाकळी ठेचल्यावरच ते तयार होते आणि उष्णतेने नष्ट होते. यास्तव लसूण उकळणे व्यर्थ आहे. ५० ग्रॅम सोललेला लसूण ठेचून दहा मिनिटे तसाच ठेवावा, नंतर एक लिटर थंड पाण्यात कालवून गाळावा व त्याच दिवशी संपवावा.

तुळस व ओवा यांतील जंतुनाशक तेले वाफेबरोबर उडून जातात. भांडे उघडे ठेवून तासभर उकळल्यास सुवास घरभर पसरतो, अर्कात मात्र फारसे काही उरत नाही. तुळशीची १०० ग्रॅम ताजी पाने अथवा २० ग्रॅम भरडलेला ओवा घेऊन त्यावर एक लिटर उकळते पाणी ओतावे, लगेच घट्ट झाकण ठेवावे आणि निवल्यावर दुहेरी फडक्यातून गाळून घ्यावे.

आवळ्यात क जीवनसत्त्व विपुल असते. कोंबडी एरवी हे जीवनसत्त्व आपल्या शरीरातच तयार करते, परंतु कडक उन्हाळ्यात ते अपुरे पडते. त्या वेळी आवळ्याचा रस उपयोगी पडतो. ताजा आवळा हिवाळ्यात मिळतो व गरज उन्हाळ्यात असते, ही अडचण आहे. आवळकाठीत हे जीवनसत्त्व काही अंशी कमी झालेले असते, हे लक्षात ठेवून तिच्यावर सर्वस्वी विसंबू नये.

हळदीतील मुख्य द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पाण्यात घातलेली हळद तळाशी बसते व नळ्या तुंबविते. ती द्यावयाचीच असेल तर खाद्यातून द्यावी.

मात्रा व वेळ

एका वेळी एकच वनस्पती निवडावी व अल्प मात्रेने आरंभ करावा. वर सांगितलेला लसणाचा, तुळशीचा अथवा ओव्याचा अर्क प्रत्येक लिटर पाण्यास १० मिलिलिटर घेतला तर सुरुवातीस पुरे. तीन आठवड्यांची एक हजार पिल्ले दिवसाला सुमारे १०० किलो खाद्य खातात व साधारण २०० लिटर पाणी पितात. त्यांपैकी सकाळच्या ६० लिटर पाण्यातच अर्क द्यावा. त्यासाठी ६०० मिलिलिटर अर्क पुरतो. उरलेला दिवस क्लोरीनयुक्त स्वच्छ पाणी द्यावे.

ही विभागणी सकारण आहे. क्लोरीन व अर्क एकत्र आल्यास दोघांचाही प्रभाव घटतो. अर्कासाठीचे पाणी आदल्या दिवशी क्लोरीनने शुद्ध करून, रुंद तोंडाच्या भांड्यात पातळ फडके बांधून रात्रभर ठेवावे, म्हणजे क्लोरीन बव्हंशी उडून जातो. सकाळी दिलेल्या पाण्याचे माप रोज लिहून ठेवावे. अर्क सुरू केल्यावर पाणी पिण्याचे प्रमाण घटले तर मात्रा निम्मी करावी अथवा अर्क बंद करावा.

अर्कात गूळ घालण्याची चाल सोडून द्यावी. गोड व सेंद्रिय पदार्थांमुळे नळ्यांच्या आत बुळबुळीत थर साचतो व त्यात जंतू वाढतात. निपल पद्धतीच्या नळ्यांत हा थर बाहेरून दिसत नाही. म्हणून अर्क संपताच नळ्या जोराच्या पाण्याने धुऊन काढाव्यात.

लसीकरणाच्या दिवसांत खबरदारी

गंबोरो रोगाची लस व रानीखेतची दुसरी मात्रा बहुधा पाण्यातून दिली जाते. ह्या लसींतील विषाणू जिवंत असतो. तो जिवंत राहिला तरच पिल्लांत प्रतिकारशक्ती येते. क्लोरीनप्रमाणेच वनस्पतींच्या अर्कानेही त्यास बाध येण्याचा संभव असतो. म्हणून लस देण्याच्या आदल्या दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत अर्क व क्लोरीन दोन्ही बंद ठेवावीत. त्या काळात पाणी उकळून निववून द्यावे अथवा खात्रीचे स्वच्छ पाणी वापरावे. लस वाया गेल्याचे त्या दिवशी कळत नाही. ते कळते रोगाची साथ आल्यावर, आणि तेव्हा हाती काही उरत नाही.

रानीखेत वा गंबोरो टाळण्यास लसीची जागा घेईल अशी वनस्पती नाही. रक्ती हगवणीचे मूळ ओल्या गादीत असते. तूस कोरडा ठेवणे, गळकी भांडी दुरुस्त करणे व वेळीच पशुवैद्याचे औषध घेणे हाच त्यावरील उपाय होय. एकाएकी पक्षी मरू लागल्यास काढे करीत न बसता नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावे. औषध चालू असताना त्याच पाण्यात अर्क मिसळू नये. कराराने पक्षी वाढविणाऱ्यांनी कंपनीच्या पर्यवेक्षकास विचारूनच अर्क द्यावा.

नफ्याचा हिशेब

अर्काने लाभ झाला की नाही, हे अंदाजाने ठरवू नये. एकाच कोंबडीघरात जाळी लावून सारख्या संख्येचे दोन भाग करावेत. एका भागास अर्काचे व दुसऱ्यास साधे पाणी वेगवेगळ्या टाक्यांतून द्यावे. खाद्य, जागा व उजेड सारखाच ठेवावा. दर आठवड्यास प्रत्येक भागातील ५० पक्षी, मोठेलहान न निवडता, एकाच वेळी तोलावेत. खाद्य व मरतूक यांची नोंद ठेवावी. प्रत्येक पक्ष्यामागे ५० ग्रॅम खाद्य वाचले तर हजार पक्ष्यांमागे ५० किलो वाचते. त्याची किंमत एका बाजूस व वनस्पती, इंधन आणि मजुरी यांचा खर्च दुसऱ्या बाजूस मांडावा. दोन-तीन खेपांत सातत्याने लाभ दिसला तरच ही रीत कायम करावी.

परसात तुळस व शेवग्याच्या सावलीत ओव्याचा वाफा असणाऱ्या कुक्कुटपालकास हा प्रयोग अल्प खर्चात करता येण्याजोगा आहे. स्वच्छ पाणी, कोरडी गादी, वेळेवर लस व नियमित नोंद ह्या चार गोष्टी जेथे पाळल्या जातात, तेथेच वनस्पतींचा अर्क पाचवी उपयुक्त गोष्ट ठरू शकेल.