शाळेची पद्धती आणि मुलांची सर्जनशीलता

पर्यायी शाळांतील मुले सर्वसामान्य सार्वजनिक शाळांतील मुलांपेक्षा अधिक सर्जनशील असतात, असे विधान शिक्षणविषयक चर्चेत वारंवार केले जाते. ते तपासण्यातील मुख्य अडचण तुलनेची आहे. अशा शाळा शोधून काढणारे पालक बहुधा मुळातच मुलांच्या शिक्षणाविषयी जागरूक असतात. तेव्हा मुलांत दिसणारा गुण शाळेचा की घराचा, हे ठरविणे कठीण होते.

अमेरिकेतील मिलवॉकी शहरात ही अडचण बऱ्याच अंशी टाळता आली. तेथील एका माँटेसरी शाळेत प्रवेश सोडतीने दिला जाई. अँजेलिन लिलर्ड व निकोल एल्स-क्वेस्ट यांनी सोडतीत नाव निघून तेथे शिकणारी ५९ मुले आणि नाव न निघाल्याने अन्य शाळांत गेलेली ५३ मुले यांची तुलना केली. तिचे निष्कर्ष २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांतील पालकांनी त्याच शाळेची इच्छा धरलेली असल्यामुळे ही तुलना समानांमधील होती.

भाषेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने बारा वर्षांच्या मुलांची चाचणी विशेष लक्षणीय आहे. सुरुवात करून दिलेली गोष्ट त्यांनी पाच मिनिटांत पुरी करावयाची होती. माँटेसरी शाळेतील मुलांच्या गोष्टी अधिक सर्जनशील ठरल्या आणि त्यांची वाक्यरचनाही अधिक प्रगल्भ आढळली. शुद्धलेखन, विरामचिन्हे व व्याकरण यांत मात्र दोन्ही गट जवळपास सारखेच होते.

यावरून दोन गोष्टी लक्षात येतात. कल्पनेला वाव दिल्यास लेखनातील शुद्धता ढळते, ही शिक्षकांना वाटणारी भीती निदान या चाचणीपुरती तरी निराधार ठरते. दुसरे असे की, केवळ शुद्धतेलाच गुण दिले असते, तर दोन गटांतील भेद दिसलाच नसता. परीक्षा जे मोजत नाही, ते मुलांत नाहीच असा समज होणे, हा खरा धोका होय.

या निष्कर्षाला मर्यादाही आहेत. पाहणी एकाच शाळेची होती आणि तेथे माँटेसरी पद्धती काटेकोरपणे पाळली जात असे. वॉल्डॉर्फ वा समरहिल यांसारख्या भिन्न तत्त्वांच्या शाळांना तो जसाच्या तसा लागू करता येणार नाही. शिवाय मिलवॉकीची ही शाळा स्वतः सार्वजनिकच होती. तेव्हा ‘पर्यायी’ विरुद्ध ‘सार्वजनिक’ ही मांडणीच अपुरी ठरते. शाळा कोण चालवितो यापेक्षा वर्गात मुलाला निवड करण्यास, एकाग्र होण्यास आणि आपले म्हणणे आपल्या शब्दांत मांडण्यास किती अवसर मिळतो, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे.