रणगाड्याचं भाडं कोण ठरवतं?

सुप्याहून पुढे निघालं की नगर हे लष्कराचं शहर लागतं. चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र तिथे आहे आणि १८७८ मध्ये सुरू झालेला दौंड-मनमाड लोहमार्गही तिथूनच जातो. रणगाडा लांब न्यायचा तर बहुधा रेल्वेच लागते. त्याचं भाडं ठरतं कसं?

खासगी रेल्वे कंपन्यांच्या काळात सरकारने ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेला ५ टक्के व्याजाची हमी दिली. त्या बदल्यात टपाल फुकट आणि सैन्य सवलतीत नेण्याची अट घातली. सौदा आधीच लिहून ठेवला, हे शहाणपणाचं होतं.

अमेरिकेत मात्र वाद पेटला. लष्कराने नापामच्या जेलीने भरलेली बॉम्बची कवचं रेल्वेने पाठवली. स्फोटक आणि फ्यूज त्यात नव्हते. कंपन्यांनी आगलाव्या बॉम्बचा चढा दर लावला. सरकार म्हणालं, फ्यूजविना हा माल म्हणजे पिंपातलं पेट्रोलच, तेव्हा स्वस्त दर लावा. मला दोन्ही बाजूंत तथ्य वाटतं, कारण मालभाड्यात धोक्याचीही किंमत धरलेली असते. १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की दराचा अर्थ आधी आंतरराज्य वाणिज्य आयोगाने लावावा. तो त्या विषयाच्या जाणकारांचा प्रश्न आहे.

आपल्याकडे लष्करी वाहतुकीसाठी वेगळं मिलिटरी टॅरिफ असतं. रेल्वे आणि संरक्षण, दोन्ही खाती केंद्राचीच. तरी रेल्वेचं भाडं संरक्षणाच्या तरतुदीतून चुकतं करावं लागतं.