कोसीची स्थलांतरे

सुनकोशी, अरुण व तमोर या तीन प्रवाहांनी हिमालयाच्या ठिसूळ उतारांवरून खरडून आणलेली माती, वाळू आणि गोटे घेऊन कोसी नेपाळातील चतरा येथे घळीबाहेर पडते, तेव्हा उतार एकाएकी मंदावल्याने तिचा वेग ओसरतो, वाहून आणलेले ओझे तिथेच पसरते आणि त्यामुळे उंचावलेले स्वतःचे पात्र टाकून ती शेजारच्या सखल भागात शिरते. उत्तर बिहारची विस्तीर्ण पंख्याच्या आकाराची भूमी याच क्रमाने रचली गेली.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पूर्णियाजवळून वाहणारी ही नदी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेकडे सरकली. मागे उरले ते वाळूने माखलेले वैराण पट्टे. फणीश्वरनाथ रेणूंची ‘परती : परिकथा’ (1957) अशाच भूमीची कथा आहे. सरकारदरबारी मात्र चिंता सारा आणि मालकीची होती. बंगाल इलाख्यातील 1825 च्या कायद्याने असे ठरविले, की हळूहळू साचलेली मळई लगतच्या मालकाची. परंतु नदीने एका फटक्यात पात्र बदलले, तर पलीकडे गेलेली व ओळखू येणारी जमीन मूळ मालकाचीच राहील. प्रत्येक पुरानंतर ‘हळूहळू’ कशास म्हणावे, हा वाद वकिलांच्या पथ्यावर पडला असल्यास नवल नाही.

नदी पश्चिमेस सरकत सरकत अखेरीस एका मोठ्या झेपेत पूर्वेकडे परतेल, असा इशारा कोसीच्या पात्रबदलांचा अभ्यास करणाऱ्या शिलिंगफोर्ड यांनी 1895 सालीच दिला होता. तरीही 1954 च्या भारत-नेपाळ करारानंतर दोन्ही तीरांना बांध घालण्यात आले आणि भीमनगरजवळ बराज उभा राहिला. बांधांनी पाणी अडविले, गाळाला मात्र पसरण्यास जागा ठेवली नाही. पात्र आतल्या आत चढत गेले, आणि बांधांमधील शेकडो गावे दर पावसाळ्यात नदीच्या हवाली झाली.

18 ऑगस्ट 2008 रोजी नेपाळातील कुसहा येथे पूर्वेचा बांध फुटला. साडेनऊ लाख क्युसेकसाठी आखलेल्या त्या व्यवस्थेतून त्या दिवशी याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी पाणी वाहत होते. म्हणजे अपराध पुराचा कमी, साचलेल्या गाळाचा आणि दुर्लक्षिलेल्या बांधाचा अधिक. प्रवाह सुपौल, मधेपुरा व सहरसा जिल्ह्यांतून आपल्या जुन्या पूर्वेकडील मार्गाने धावला. तीस लाखांहून अधिक लोकांना त्याची झळ बसली. पुढच्या वर्षी भगदाड बुजवून नदीला पुन्हा बराजाकडे वळविण्यात आले, बांध दुरुस्त झाले, आणि त्यांच्या आत गाळ पूर्ववत साचू लागला.