दहावीची बॅच आणि तिचा हजेरीपट

कोल्हापूर जिल्ह्यात माणसाची ओळख सांगताना गाव, भावकी आणि तालीम यांच्या जोडीला आणखी एक खूण सांगितली जाते, ती म्हणजे दहावीचे साल. एका शाळेतून एकाच वर्षी एस.एस.सी.ला बसलेली मुले-मुली म्हणजे एक बॅच. पुढे कुणी पदवी घेतो, कुणी पदव्युत्तर शिकतो, पण तीस वर्षांनी एकत्र जमण्याची वेळ येते तेव्हा बहुतेक ठिकाणी जमते ती दहावीचीच बॅच. कॉलेजचे मेळावे होतात, तरी दहावीच्या मेळाव्याची सर त्यांना येत नाही.

याचे कारण तालुक्याच्या शिक्षणव्यवस्थेत आहे. गडहिंग्लज, कागल, आजरा, गारगोटी, मलकापूर अशा गावांत अनेक वर्षे एक-दोनच मोठी हायस्कुले होती. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची मुले गावातल्या विद्या मंदिरात, म्हणजे प्राथमिक शाळेत, चौथी किंवा सातवी करत आणि मग चालत, सायकलने किंवा एस.टी.च्या पासवर या हायस्कुलात येत. सावकाराचा मुलगा, सालगड्याची मुलगी, पोस्टमनची मुले आणि धनगरवाड्यावरून डोंगर उतरून येणारा एखादा पोरगा हे सगळे एकाच वर्गात बसत. दहावीनंतर चाळण लागते. कुणी अकरावी सायन्सला जातो, कुणी आय.टी.आय.ला, कुणी भरतीला, कुणी रानात. काही मुलींचे लग्न ठरते. एका परिसरातली एक अख्खी पिढी एका छपराखाली असण्याचे दहावी हे शेवटचे वर्ष ठरते.

कोल्हापुरात हे छप्पर उभे राहायला बराच काळ लागला. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून जातिनिहाय वसतिगृहांची मालिका सुरू केली. खेड्यातल्या मुलाला शहरात राहायची सोय झाली, तरच तो हायस्कुलात टिकणार, हा त्यामागचा साधा हिशेब होता. १९१७ मध्ये त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. तरीही माध्यमिक शाळा मुख्यतः शहरात आणि जहागिरीच्या ठाण्यांतच राहिल्या. कुंभोजला जन्मलेले भाऊराव पाटील शाहू महाराजांच्याच काळात बोर्डिंगात राहून राजाराम हायस्कूलमध्ये शिकले आणि मॅट्रिक न होताच बाहेर पडले. त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. परीक्षेच्या निकालावरून वर्गाची नोंद ठेवली, तर त्या वर्गातले सर्वांत मोठे नाव गळून जाईल.

खेड्यापर्यंत हायस्कूल पोचले ते मुख्यतः स्वातंत्र्यानंतर. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक यांनी गारगोटीत मौनी विद्यापीठ उभे केले, बापूजी साळुंखे यांनी १९५४ मध्ये स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था स्थापन केली, रयतच्या शाळा वाढल्या. घरात पहिल्यांदाच कुणी हायस्कुलात जाते आहे, अशी मुले या वर्गांत मोठ्या संख्येने आली. ही मुले शाळेपर्यंत कशी पोचत, हे समजून घ्यायचे तर कागलच्या आनंद यादवांचे ‘झोंबी’ हे आत्मचरित्र वाचावे. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बापाचा विरोध, रानातली कामे आणि अंगावरचे फाटके कपडे यांतून मॅट्रिकपर्यंत गेलेल्या मुलाची ही हकिकत आहे. स्नेहमेळाव्यात माइकवरून सांगितल्या जाणाऱ्या गोड आठवणींच्या शेजारी ती ठेवली, की आठवणींतून काय काय वगळले जाते तेही दिसते.

बॅच ठरवणारी परीक्षाही बदलत गेली. आधी मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक होती, मग अकरावीची एस.एस.सी. आली. १ जानेवारी १९६६ रोजी राज्याचे माध्यमिक शिक्षण मंडळ स्थापन झाले. आज कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे मंडळाच्या कोल्हापूर विभागात येतात. १९७५ हे साल मात्र वेगळे. त्या वर्षी जुन्या पद्धतीची शेवटची अकरावी आणि नव्या आकृतिबंधाची पहिली दहावी एकदमच बोर्डाला बसली. वयाने एका वर्षाने धाकटी मुले थोरल्यांबरोबरच शाळेबाहेर पडली. त्यामुळे त्या सालच्या ‘आम्ही’त दोन वर्ग येतात, आणि आपण अकरावीवाले की दहावीवाले हा भेद सत्तरीकडे झुकलेली मंडळीही आवर्जून सांगतात.

शाळेतली वर्षे आठवताना अभ्यास फारसा निघत नाही. आठवतो तो परिपाठ : राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना आणि फळ्यावरचा सुविचार. त्यानंतर तुकडी. ‘अ’ तुकडीत हुशार मुले आणि ‘ड’ तुकडीत उरलेली, अशी वाटणी अनेक शाळांत उघडपणे होत असे, आणि तिचा सल पुढे टिकतो. मेळाव्याच्या मंचावरही ‘आम्ही क तुकडीवाले’ असे कुणीतरी हसत म्हणते, आणि ते हसणे पूर्ण खरे नसते. मग गणिताच्या सरांची छडी, बाईंनी वाचून दाखवलेला निबंध, पी.टी.च्या तासाला सरपटत खेळलेली कबड्डी, गॅदरिंगमधल्या नाटकात ऐन वेळी गळून पडलेली मिशी. एस.टी.ची गाडी ठरवून काढलेली सहल प्रतापगड, रायगड किंवा कोकणाकडे जाई. अनेकांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो या सहलीत. कोल्हापूरला समुद्र तसा लांब नाही, पण घाट उतरायला निमित्त लागे.

दहावीच्या वर्षात जादा तास, रात्रअभ्यासिका आणि सराव परीक्षा आल्या की वर्ग घट्ट होतो. फेब्रुवारीत निरोप समारंभ. शाळेसमोर बाकडी मांडून काढलेला गट-फोटो हा बॅचचा पहिला दस्तऐवज. मधल्या रांगेत खुर्च्यांवर शिक्षक, मागे बाकांवर उभी मुले, पुढे सतरंजीवर मुली, आणि फोटोच्या दिवशी गैरहजर राहिलेला एकजण हमखास. नव्वदच्या दशकात त्यात स्लॅम बुकाची भर पडली. आवडता रंग, आवडता नट आणि ‘माझ्याबद्दल मत’ असे रकाने भरून घेतलेल्या या वह्या आता पोटमाळ्यावरच्या ट्रंकेतून निघतात, आणि मेळाव्याच्या आदल्या आठवड्यात त्यांच्या पानांचे फोटो ग्रुपवर फिरतात.

नंतरची पांगापांग भूगोलाप्रमाणे होते. आजरा, चंदगड, भुदरगड या डोंगरी भागातली मुले पूर्वी मुंबईच्या गिरण्यांत जात. गिरण्या बंद पडल्यावर हा ओघ पुणे आणि गोव्याकडे वळला. करवीर आणि हातकणंगले भागातली शिरोली, गोकुळ शिरगावच्या एम.आय.डी.सी.त लागतात. इचलकरंजीत यंत्रमाग, हुपरीत चांदी. शिरोळकडे उसाची शेती, आणि सैनिक टाकळीसारख्या गावातून थेट फौज. म्हणून मेळाव्याची तारीख ठरवणे हेच मोठे काम असते. सैनिकाची रजा, कारखान्याचा हंगाम, मुंबईकरांची मे महिन्याची सुट्टी आणि मुलांच्या परीक्षा यांचा मेळ दिवाळीत किंवा मे महिन्यातच बसतो.

शोधाशोध पूर्वी पत्रांनी आणि बाजारच्या दिवशी भेटणाऱ्या माणसांकडून चाले. स्मार्टफोन आणि स्वस्त इंटरनेट खेड्यापर्यंत पोचल्यावर, साधारण २०१६ नंतर, व्हॉट्सअॅपवर बॅचचे ग्रुप झपाट्याने वाढले. मुले सहज सापडतात, कारण त्यांचे नाव-गाव बदललेले नसते. मुलींचा शोध अवघड. लग्नानंतर आडनाव बदलते, काही घरांत नावही बदलते, आणि हजेरीपटावरचे नाव कुठल्याच फोनमध्ये सापडत नाही. मग माहेरच्या भावाला गाठायचे, त्याच्याकडून नंबर घ्यायचा, आधी एखाद्या मैत्रिणीने बोलायचे, असा रस्ता असतो. ग्रुपवर त्यांची नावे माहेरच्या आडनावानेच सेव्ह होतात. पंचवीस वर्षे कुणाची तरी आई, सून, वहिनी म्हणून वावरलेल्या बाईला तिच्या एकेरी नावाने हाक मारणारी माणसे इथेच भेटतात. कोल्हापूरकडच्या मुली शाळेत ‘मी आलो, मी गेलो’ असेच बोलत. मुंबईत सासर असलेलीची ती बोली मेळाव्यात तासाभरात परत येते.

मेळाव्याचा दिवस बहुतेक ठिकाणी एकाच साच्यात बसतो. सकाळी घंटा, प्रार्थना, दिवंगत शिक्षक आणि वर्गमित्रांना श्रद्धांजली. मग निवृत्त शिक्षकांवर फुले उधळून स्वागत. शाल, श्रीफळ आणि फेटा हे ओघाने येतेच, कारण कोल्हापुरात फेट्याशिवाय सत्कार झाल्यासारखा वाटत नाही. एखादे सर जुन्या हजेरीपटावरून नावे पुकारतात आणि पन्नाशीतली माणसे ‘हजर’ म्हणत उभी राहतात. फौजदार, सरपंच, प्राध्यापक सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, टोपणनावे बाहेर येतात. दुपारी जेवण. मांसाहारी बेत असेल तर तांबडा-पांढरा रस्सा ठरलेला. दुसऱ्या दिवशी स्थानिक पुरवणीत ‘पुन्हा भरला वर्ग’ अशा मथळ्याची बातमी येते. या बातम्यांत फक्त साल आणि शाळा बदलते, अशी थट्टा करायला जागा आहे, पण ती कात्रणे घरोघर जपली जातात हेही खरे.

खर्च वर्गणीतून होतो आणि उरलेल्या पैशातून शाळेला काहीतरी दिले जाते. पाण्याचा फिल्टर, प्रोजेक्टर, बाकडी, वर्गखोल्यांचे रंगकाम. अनुदानित शाळांना वेतनाबाहेरचा पैसा अपुरा पडतो, तिथे ही देणगी उपयोगी असते. महाविद्यालयांत माजी विद्यार्थ्यांचा सहभाग ‘नॅक’च्या मूल्यांकनात मोजला जातो, म्हणून तिथे संघ निघतात. हायस्कूलच्या बॅचवर असे बंधन नाही, ती आपखुशीने जमते. वर्गणीची रक्कम मात्र बेताची ठेवावी लागते. रिसॉर्ट ठरले आणि आकडा वाढला, की शेतमजुरी किंवा हमाली करणारे वर्गमित्र ‘काम निघालं’ म्हणून गळतात. कारण कुणी विचारत नाही, सर्वांना ठाऊक असते.

अलीकडच्या दोन बॅचची गोष्ट निराळी आहे. मार्च २०२० मध्ये होणारा भूगोलाचा पेपर टाळेबंदीमुळे रद्द झाला, त्यामुळे शेवटचा पेपर देऊन केंद्राबाहेर होणारा जल्लोष त्या मुलांना मिळाला नाही. २०२१ च्या बॅचची परीक्षाच झाली नाही. अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला आणि राज्यात ९९.९५ टक्के मुले उत्तीर्ण झाली. २०२१ च्या या मुलांचे नंबर ऑनलाइन वर्गांपासून एकमेकांकडे आहेत, त्यांना कुणाचा शोध घ्यावा लागणार नाही. त्यांच्या आठवणींत दहावीचे बरेचसे वर्ष मोबाइलच्या पडद्यावरचे, आणि सहल, गॅदरिंग हे सारे नववीपर्यंतचे असेल.

उरतो तो यादीचा प्रश्न. बॅचची यादी सहसा दहावीच्या बैठक क्रमांकांवरून होते. त्यामुळे आठवीत शाळा सोडून कामाला लागलेला, नववीत नापास होऊन मागे राहिलेला किंवा लग्नामुळे नाव कमी झालेली मुलगी, यांतले कुणीच त्या यादीत येत नाही, जरी ही मुले त्याच बाकावर तीन-चार वर्षे बसलेली असली तरी. ही नावे नाहीशी झालेली नसतात. दाखल्यासाठी ठेवलेल्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचे कारण लिहिलेले असते. आयोजकांनी दहावीऐवजी पाचवी किंवा आठवीच्या हजेरीपटावरून यादी केली, तर निमंत्रणे वाढतात आणि ‘आम्ही कुठं दहावीला होतो’ असे म्हणत का होईना, ही माणसे येऊन बसतात.