गोळ्या मध्येच कोण सोडतो?

क्षयाच्या रोग्याला उपचार सुरू होताच काही आठवड्यांत बरे वाटू लागते. खोकला कमी होतो, भूक लागते. मग गोळ्या सहा महिने कशासाठी?

कमी आणि जास्त अर्धायुष्याचे दोन किरणोत्सर्गी पदार्थ मिसळून आलेख काढा. तो आधी झपाट्याने उतरेल, नंतर लांब शेपटासारखा रेंगाळेल. (भौतिकीच्या मास्तराला दुसरे काय सुचणार!) फुप्फुसातील जंतूही साधारण असेच घटतात. भराभर वाढणारे जंतू आयसोनियाझिडने लवकर मरतात. सुस्त पडून राहिलेल्यांसाठी रिफॅम्पिसिनसारखी औषधे दीर्घकाळ द्यावी लागतात. शेपूट संपण्याआधीच गोळ्या थांबल्या, तर रोग उलटतो, आणि औषधाला दाद न देणारे जंतूही निपजू शकतात.

तमिळनाडूच्या तिरुवल्लूर जिल्ह्यातील ग्रामीण रुग्णांच्या पाहणीचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. उपचार मध्येच सोडण्याचे प्रमाण पुरुषांत अधिक आढळले. याचे कारण मला शरीरापेक्षा दिनक्रमात दिसते. अंगात जोर आला, की माणूस रोजंदारीवर जातो. दवाखान्याची वेळ म्हणजे बुडालेली मजुरी. त्यात दारू असेल, तर गोळ्या विसरल्याच म्हणून समजा.

म्हणजे स्त्रियांचे सारे सुरळीत चालते काय? घरच्यांशी या आजाराविषयी बोलण्याचा संकोच त्यांनाच अधिक होता, आणि गोळ्या घ्यायला जाताना सोबतीची गरजही त्यांनाच जास्त भासे, असे त्याच पाहणीत दिसून आले.