मिडवेची लढाई आणि तळघरातील माणसे

समुद्रावरील युद्ध तोफा आणि विमाने यांच्या बळावर जिंकले जाते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु शत्रू केव्हा व कोठे येणार हेच कळले नाही तर तोफा नुसत्या उभ्या राहतात. याचे ठळक उदाहरण म्हणून दुसऱ्या महायुद्धातील मिडवेच्या लढाईची हकिकत आम्ही येथे देत आहोत.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने हवाई बेटांवरील पर्ल हार्बर या अमेरिकन नाविक तळावर हल्ला केला. त्याच तळावरील एका तळघरात नौदलाचा सांकेतिक लिपी उलगडणारा विभाग होता. त्याचे प्रमुख होते कमांडर जोसेफ रॉशफर्ट. जपानी नौदलाच्या बिनतारी संदेशांत शब्दांऐवजी पाच आकडी संख्या असत आणि त्यांत दुसऱ्या वहीतील संख्या, हातचा न धरता, मिळवलेल्या असत. हे उलगडण्यासाठी छिद्रे पाडलेल्या कार्डांची यंत्रे वापरीत. माणसे अपुरी पडली तेव्हा हल्ल्यात निकामी झालेल्या ‘कॅलिफोर्निया’ युद्धनौकेवरील बँडवाल्यांना या कामावर घेतले. ते उत्तम निघाले!

मे १९४२ मध्ये संदेशांतून मोठ्या स्वारीची चाहूल लागली. लक्ष्याचे नाव होते ‘एएफ’. रॉशफर्ट म्हणत, हे मिडवे बेटच. वॉशिंग्टनच्या वरिष्ठांना ते पटेना. तेव्हा समुद्राखालील केबलने मिडवेला गुपचूप कळविण्यात आले की, ‘खारे पाणी गोडे करण्याचे यंत्र बिघडले’ असा संदेश उघड भाषेत बिनतारीने पाठवा. थोड्याच दिवसांत जपानी संदेशात आले, ‘एएफ’वर गोड्या पाण्याची टंचाई आहे. इतकी साधी युक्ती, पण वाद मिटला.

ॲडमिरल निमित्झ यांनी या माहितीवर भरवसा ठेवून तीन विमानवाहू जहाजे मिडवेच्या ईशान्येस दबा धरून ठेवली. ४ जूनला लढाई जुंपली. जपानने चार विमानवाहू जहाजे गमावली, अमेरिकेने एक. दैवाचा भाग होताच, कारण अमेरिकन विमानांचा पहिला मारा वाया गेला होता. पण जहाजे तेथे नसती तर दैव तरी काय करणार?

रॉशफर्ट १९१८ साली साधे खलाशी म्हणून भरती झालेले. ॲनापोलिसच्या नौदल अकादमीचे ते पदवीधर नव्हते. निमित्झ यांनी त्यांच्यासाठी मानाच्या पदकाची शिफारस केली, ती वॉशिंग्टनने फेटाळली. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांना तेथून हलविले आणि पुढे तरंगत्या गोदीचे काम दिले. १९५८ साली निमित्झ यांनी पुन्हा शिफारस केली, तीही नाकारली गेली. १९७६ साली रॉशफर्ट वारले. पदक मिळाले १९८६ साली.